दुरावलेलं माणूस फेसबुकवर शोधताना

आडनावाचं स्पेलिंग बदलून पाहा. ‘वाघ’ कुणी डब्ल्यूने लिहितं, कुणी व्हीने. नुसत्या एका अक्षरापायी सख्खा चुलतभाऊ सापडत नाही. आत्याला माहेरच्या नावाने शोधू नका, सासरचं आडनाव घ्या. तेही आठवत नसेल तर नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडच्या (तीर्थावरच्या पुरोहितांकडच्या) नामावळीत, म्हणजे यजमान घराण्यांच्या नोंदवह्यांत, घराण्यातली जुनी नावं मिळू शकतात.

पहिला मेसेज मात्र मन लावून लिहा. आजोबांचं नाव, गाव, घरातल्यांनाच माहीत असलेली हाक, आणि एखादा जुना फोटो. अनोळखी माणसाचा मेसेज बहुतेक वेळा ‘मेसेज रिक्वेस्ट’मध्ये पडून राहतो, म्हणून उत्तर आलं नाही तर मनाला लावून घेऊ नका, त्यांच्या मुलांनाही लिहा. ओळख पटेपर्यंत पैसे, ओटीपी काहीही देऊ नका.