क्रोन्सच्या ऑपरेशनआधी शरीर कसं तयार करावं

क्रोन्स म्हणजे आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार. त्याच्या रुग्णाच्या रक्तात अल्ब्युमिन हे प्रथिन कमी आलं की घरोघरी एकच उपाय सुरू होतो: रोज चार अंडी आणि दुकानातला प्रोटीन पावडरचा डबा. मी आहारतज्ज्ञ आहे आणि हा सल्ला ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. आतड्याची सूज पेटलेली असताना यकृत अल्ब्युमिन कमी बनवतं, आणि जे बनतं त्यातलं काही सुजलेल्या आतड्यातून गळून जातं. अंडी खाऊन हा आकडा हलत नाही. सूज उतरली की तो चढायला लागतो. ऑपरेशनआधीच्या आहाराला म्हणून दोन कामं करायची असतात, अंगात भर घालायची आणि सूज उतरवायची. क्रोन्समध्ये दुसरं काम होतं ते योग्य द्रव आहारानं, म्हणजे सगळे अन्नघटक असलेली भुकटी पाण्यात मिसळून, आणि तोही दुसरं काही न खाता घेतला तर.

हे सगळं ठरवून केलेल्या ऑपरेशनसाठी आहे. आतडं अरुंद झालंय, फिस्टुला (आतड्यातून दुसरीकडे उघडणारी अनैसर्गिक वाट) झालाय, लहान आतड्याचं शेवटचं टोक काढायचंय, असे रुग्ण. पोट दगडासारखं कडक झालंय, तापानं फणफणलाय, आतडं फुटल्याची शंका आहे, तिथे आहाराचा विचार करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्येही (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होणारा आजार) पोषण सांभाळायचंच, पण द्रव आहारानं तिथली सूज उतरेल अशी आशा धरू नका. तीव्र झटका औषधांना दाद देत नसेल तर वजन वाढवण्यासाठी ऑपरेशन पुढे ढकलणं धोक्याचं आहे.

१. आधी हिशेब

सहा महिन्यांपूर्वीचं वजन आठवा. ५५ चे ४७ झाले असतील तर साडेचौदा टक्के गेले. घट १० टक्क्यांच्या वर, किंवा बीएमआय १८.५ च्या खाली, किंवा अल्ब्युमिन ३ च्या खाली, यातलं एक जरी असेल तरी सर्जनना स्पष्ट विचारा: "आधी पोषणासाठी वेळ देता येईल का?" अशा रुग्णाला किमान ७ ते १४ दिवस द्यावेत असं मानलं जातं. क्रोन्समध्ये तब्येत थांबू देत असेल तर बरेच सर्जन काही आठवडेही थांबतात. घोट्यावर बोट दाबल्यावर खड्डा पडत असेल तर काट्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, त्यात पाण्याचं वजन आहे.

गरज साधारण किलोमागे ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं. ४७ किलोच्या माणसाला सुमारे १४०० कॅलरी आणि ५६ ते ७० ग्रॅम प्रथिनं. आपल्याकडे बरेच रुग्ण आधी आतड्याच्या टीबीच्या शंकेनं महिनोन्‌महिने एकेटी (टीबीची औषधं) घेऊन आलेले असतात. त्यांची घट जास्त असते, त्यामुळे त्यांना जास्त लागू शकतं.

२. रक्त तपासून घ्या

लोह, बी१२, फोलेट, डी जीवनसत्त्व, झिंक. हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्यांत वेळ घालवू नका, शिरेतून लोह द्यायचं का ते डॉक्टरांना विचारा.

३. खूप दिवस उपाशी असलेल्यांनी घरी सुरुवात करू नये

आठ-दहा दिवस पोटात जवळजवळ काहीच गेलेलं नसेल तर एकदम भरपूर अन्न देणं जिवावर बेतू शकतं. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्यानं खाली येतं. अशांना रुग्णालयात, आधी थायमिन (बी१ जीवनसत्त्व) देऊन, किलोमागे १० कॅलरींपासून सुरू करतात आणि रोज रक्त तपासत चार ते सात दिवसांत वाढवतात. "अशक्तपणा आहे, खाऊ घाला" म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे समजावणं सगळ्यांत कठीण.

४. द्रव आहार पूर्ण करणं

खरं अडतं ते इथे. सुरुवातीच्या वर्षांत माझे निम्मे रुग्ण याच पायरीवर गळायचे, आणि कारण औषधाचं नसायचं. ग्लास हातात घेतला की व्हॅनिलाचा तो गोडसर वास नाकात शिरायचा, तळाशी गुठळ्या दिसायच्या आणि चौथ्या ग्लासाला माणूस हात टेकायचा.

डबा कोणता ते आधी ठरवा. नुसती प्रोटीन पावडर हे पूर्ण अन्न नव्हे. प्रथिनं, स्निग्ध, कर्बोदकं, जीवनसत्त्वं, क्षार असं सगळं असलेली, एकमेव आहार म्हणून चालणारी भुकटी हवी. नाव डॉक्टरांकडून किंवा आहारतज्ज्ञाकडून लिहून घ्या, मेडिकलवाला सुचवेल ते उचलू नका. डब्यावर सांगितलेल्या मापानं उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळा. दुधात मिसळू नका. ताकद वाढावी म्हणून एक चमचा जास्त टाकू नका, घट्ट मिश्रणानं जुलाब होतात. पातळही करू नका, मग पोट भरतं आणि कॅलरी जात नाहीत.

साधारण एका मिलिलीटरला एक कॅलरी होईल असं मिश्रण असेल तर १४०० कॅलरींचे २०० मिलिलीटरचे सात ग्लास होतात. पहिल्या दिवशी निम्मे, दुसऱ्या दिवशी पाच, तिसऱ्या-चौथ्या दिवशी पूर्ण. शेकरमध्ये हलवा, फ्रिजमध्ये गार करा, झाकणाच्या ग्लासातून स्ट्रॉनं अर्धा तास घोट घोट घ्या. गार असलं की वास कमी येतो. नाक दाबून गटागटा पिणाऱ्यांना मळमळतं आणि पोट फुगतं. सकाळी केलेलं मिश्रण फ्रिजमध्ये २४ तास, बाहेर चार तास, त्यापुढे ओतून द्या. चिमूटभर कॉफी पावडर मी चालवून घेते. पाणी आणि बिनदुधाचा चहा चालतो.

आता घरचे. "अगं, नुसत्या पावडरीवर पोर कसं राहील? दोन घास मऊ भात खाल्ला तर काय बिघडतं?" बिघडतं. द्रव आहार एकटा असतो तेव्हाच सूज चांगली उतरते. सोबत जेवण सुरू झालं की तो परिणाम बोथट होतो. गणपतीतला नैवेद्याचा एक मोदकसुद्धा नाही. रुग्णासमोर फोडणी देऊ नका आणि त्याला पंगतीत बसवू नका. पहिले तीन-चार दिवस भूक आणि चिडचिड जास्त, मग बऱ्याच जणांची पोटदुखी कमी होते आणि त्यांना स्वतःलाच पटतं.

पातळ शौच झालं तर बंद करू नका, वेग कमी करा. मात्र उलट्या होताहेत, पोट फुगलंय आणि वारा सरत नाही, अशा वेळी लगेच थांबा आणि रुग्णालयात जा.

चौथ्या दिवशीही ठरलेल्या मात्रेच्या पाऊण भागापर्यंत पोचत नसाल तर डॉक्टरांकडून नाकातून बारीक नळी घालून घ्या. "नळी म्हणजे शेवटची वेळ" ही समजूत मला बिलकूल मान्य नाही. रात्री पंपावर हळूहळू आहार जातो, डोक्याची बाजू ३० ते ४५ अंश वर ठेवायची, आधी आणि नंतर पाण्यानं नळी धुवायची, दिवसा माणूस मोकळा. आतडं चालत असताना शिरेतून आहार मागू नका. तो आतडं पूर्ण बंद असेल किंवा पोषण आतड्यातून भागतच नसेल तेव्हासाठी आहे.

डबे स्वस्त नाहीत, हे मला ठाऊक आहे. पूर्ण झेपत नसेल तर निम्मे ग्लास आणि सोबत मऊ भात, गाळलेलं मुगाचं वरण, अंडं, काटे काढलेला मासा, सोललेला दुधी. आतडं अरुंद असेल तर मक्याचं कणीस, पेरू, शेवगा, पालेभाज्यांचे देठ बंद. यानं अंगात भर पडते, सूज उतरेलच असं नाही.

५. स्टिरॉइड

प्रेडनिसोलोन २० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त, सहा आठवड्यांच्या वर चाललं असेल तर ऑपरेशननंतर जंतुसंसर्ग आणि टाके सुटण्याचा धोका वाढतो. द्रव आहार लागू पडला की डॉक्टर मात्रा उतरवू शकतात. स्वतःहून एक गोळीही कमी करू नका.

६. आदली रात्र

"बारानंतर पाणीही नाही" हा जुना हुकूम अजून दिला जातो, पण आताचा नियम वेगळा आहे. घन अन्न भुलीच्या सहा तास आधी बंद, स्वच्छ द्रव दोन तास आधीपर्यंत चालतात: पाणी, साखरपाणी, काळा चहा, गाळलेला सफरचंदाचा रस. भुकटीचा द्रव स्वच्छ द्रवात मोडत नाही, त्याला सहा तासच. आतडं अडलेलं असेल किंवा मधुमेह असेल तर नियम वेगळे, भूलतज्ज्ञांना विचारा.

७. ऑपरेशननंतर

उघडलेला डबा घरी ठेवू नका, सोबत न्या. सर्जनने हो म्हटलं तर पहिल्याच दिवशी घोट घोट सुरू करता येतं, आणि वॉर्डात तुमचा डबा शोधायला कोणाला वेळ नसतो.