इसबगोल कसे घ्यावे: आधी पाण्याचा हिशोब

इसबगोलने पोट साफ होते हे सगळ्यांना ठाऊक असते. ते कसे होते हे एकदा समजले, की भुसी किती, केव्हा आणि कशी घ्यायची ते वेगळे पाठ करावे लागत नाही. म्हणून चमचा हातात घेण्याआधी थोडे रसायनशास्त्र पाहू.

इसबगोल म्हणजेच प्लँटॅगो ओव्हाटा या वनस्पतीचे बी होडीच्या आकाराचे, गुलाबीसर तपकिरी आणि दोन-तीन मिलिमीटर लांब असते. आपण घेतो ती भुसी म्हणजे या बियाचे बाहेरचे पातळ टरफल, वजनाने बियाच्या साधारण पाव भाग. आतल्या दाण्यात तेल आणि प्रथिने असतात. टरफलाचा सगळा भर मात्र अ‍ॅराबिनोझायलन या एका लांबलचक शर्करासाखळीवर. तिचा कणा झायलोज या साध्या शर्करेचा, त्याला जागोजागी अ‍ॅराबिनोज (अशीच दुसरी शर्करा) आणि झायलोजच्या फांद्या. एकूण शर्करांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश झायलोजच असते. जोडीला किंचित ऱ्हॅम्नोज आणि गॅलॅक्टुरॉनिक आम्ल.

या फांद्यांच्या जाळ्यात पाणी अडकते आणि बुळबुळीत गर तयार होतो. आपले पाचकरस ही साखळी तोडू शकत नाहीत, आणि मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंनाही ती फारशी पचत नाही. खरी मेख इथेच आहे. पाण्यात विरघळणारे (विद्राव्य) इतर बरेच फायबर, म्हणजे तंतुमय पदार्थ, तिथे पोचल्यावर आंबून संपते. इसबगोलचा गर शेवटपर्यंत टिकतो. त्यामुळे कडक मळ मऊ होतो आणि शौच पातळ होत असेल तर जास्तीचे पाणी याच गरात धरले जाऊन ते घट्ट होते. बद्धकोष्ठता आणि जुलाब या दोन उलट तक्रारींवर एकच भुसी चालते ती अशी. सोनामुखीसारखे रेचक आतड्याच्या स्नायूंना चेतवते. इसबगोल तसे काही करत नाही.

पायरी 1: भुसी तपासा. ग्लासभर पाण्यात चमचाभर भुसी टाकून ढवळा. फिकट पापुद्रे आधी वर तरंगतात, मग कडेने पारदर्शक होत फुगू लागतात आणि थोड्या वेळाने चमचा फिरवायला जड जातो. औषधी दर्जाची भुसी आपल्या आकारमानाच्या कितीतरी पट फुगायला हवी. तळाशी वाळूसारखे काही बसले किंवा पाणी पातळच राहिले, तर ती भुसी वापरू नका.

पायरी 2: मात्रा ठरवा. प्रौढांसाठी बद्धकोष्ठतेत दिवसाला 7 ते 11 ग्रॅम, दोन-तीन वेळांत विभागून. भुसी फार हलकी असते, त्यामुळे चमच्याचा अंदाज हमखास चुकतो. एकदा वजन करून आपला चमचा ओळखून ठेवावा. पहिले काही दिवस दिवसातून एकदाच आणि थोडी घ्या. एकदम पूर्ण मात्रेने पोट फुगते आणि लोक औषधालाच नावे ठेवतात.

पायरी 3: पाणी. लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच. दर ग्रॅम भुसीला निदान 30 मिलिलिटर पाणी, म्हणजे 5 ग्रॅमला 150. भुसी पाण्यात घालून लगेच ढवळा, गर घट्ट व्हायच्या आत पिऊन टाका आणि वर आणखी एक ग्लास पाणी प्या. कोरडी भुसी तोंडात टाकून वरून घोटभर पाणी पिणे धोक्याचे आहे: ती अन्ननलिकेतच फुगून अडकू शकते. पाकीट ओतताना पूडही उडवू नका. तिची धूळ वारंवार नाकात गेल्याने काहींना दम्यासारखी अ‍ॅलर्जी जडते.

पायरी 4: वेळ. इतर औषधांच्या आधी किंवा नंतर अर्धा ते एक तास अंतर ठेवा. गरात औषध अडकले की ते रक्तात उशिरा किंवा कमी उतरते. थायरॉइड, लिथियम, डिगॉक्सिन आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. अगदी झोपायच्या तोंडावरही घेऊ नये. गुण यायला 12 ते 24 तास लागतात, पुरता परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसतो. पहिल्या रात्रीनंतर मात्रा दुप्पट करू नका.

कोलेस्टेरॉलसाठी घेणाऱ्यांना इतकी घाई नसतेच. पचनासाठी यकृत पित्ताम्ले सोडते. एरवी ती आतड्यातून परत शोषली जातात. गरात अडकली की शौचावाटे बाहेर पडतात, आणि नवी बनवायला यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घेते. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, साधारण 5 ते 10 टक्के उतरते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1998 मध्ये दिवसाला 7 ग्रॅम विद्राव्य फायबरच्या आधारे हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो असा दावा वेष्टनावर छापायची परवानगी दिली. एवढ्या फायबरला भुसी 10 ग्रॅमच्या आसपास लागते. जेवणासोबत घेतल्यास साखरही सावकाश शोषली जाते. मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनी त्यामुळे रक्तशर्करेवर लक्ष ठेवावे. वजन उतरवण्याच्या जाहिराती मात्र फार मनावर घेऊ नका.

गिळायला त्रास होत असेल, आतड्यात अडथळा असेल, मळ गच्च साठून बसला असेल किंवा पाणी मोजून पिण्याचे बंधन असेल, तर इसबगोल नको. शौचातून रक्त जाणे, कारण नसताना पोटात दुखणे, शौचाची सवय अचानक बदलून दोन आठवड्यांपेक्षा जास्त तशीच राहणे, यांपैकी काही असेल तर भुसी सुरू करण्याआधी तपासणी करून घ्या. आणि घेतल्यावर छातीत दुखले, उलटी झाली किंवा गिळताना, श्वास घेताना अडले, तर थेट दवाखाना गाठा.