माशीचं नाव हवं असेल तर निघण्याआधी

गेल्या पावसाळ्यानंतर बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबीच्या रस्त्याला एका झुडपावर मला गांधीलमाशी दिसली. घरी येऊन फोटो मोठा केला तर पंख दोनच. गांधीलमाशीला चार असतात. म्हणजे ही माशी, बहुधा सिरफिड (फुलांवर हवेत स्थिर तरंगणाऱ्या माश्यांचं कुळ), गांधीलमाशीचं सोंग घेऊन बसलेली. अकरा फोटो काढले होते, अकराही वरून, डोकं फुलात खुपसलेलं. नाव तिथंच अडलं.

अडलं कारण असली सोंगं घेणारे तीन जीनस (जवळच्या जातींचे गट) एकमेकांना फार जवळचे. मोनोसेरोमायाच्या कपाळातून लांब दांडा निघतो, मिशा त्याच्या टोकाला, आणि कंबर बारीक. सेरियानाला दांडा असतो पण तशी कंबर नसते. स्फिक्सिमॉर्फाला दांडा जवळजवळ नाहीच. चेहऱ्याचा बाजूनं घेतलेला एक फोटो असता तर निम्मं काम झालं असतं. म्हणून निघण्याआधी मनात घोकून ठेवा: पहिला फोटो वरून, कारण ती उडेल, लगेच खाली बसून बाजूनं, मग समोरून चेहरा. मागच्या पायाची मांडी जाड आहे का, तेही बाजूच्याच फोटोत कळतं. डोळे माथ्यावर एकमेकांना टेकलेले असतील तर बहुतेक नर, मध्ये फट असेल तर बहुतेक मादी. काही जातींत नर-मादी इतके वेगळे दिसतात की हे न बघता पुढं जाऊच नये.

पंखासाठी वेगळा वेळ द्या. माशी ऊन खात पंख पसरून बसली की उजेड पंखातून आरपार येईल असं उभं राहा. मधोमध एक शीर दिसेल जी कुठल्याच शिरेला धडपणे जोडलेली नाही, नुसती घडी पडल्यासारखी. ही खोटी शीर दिसली की माशी सिरफिडच, घरमाशीची भावंडं बाद. मग पंखाच्या टोकाकडे जाणारी एक शीर खाली खोल वाकते का ते बघायचं. एरिस्टॅलिस, एरिस्टॅलिनस या सिरफिड मंडळींत ती ठळक वाकते.

सामान फार लागत नाही. शंभर मिलीमीटरची मॅक्रो लेन्स असेल तर उत्तम, नसेल तर मोबाईलवर चिमटा लावून बसणारी लेन्स चालते. फ्लॅशवर पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्याचं झाकण बांधा, नाहीतर पाठ नुसती चकाकते आणि छातीवरची धुळीसारखी फिकट झाक दिसतच नाही. लेन्सचं छिद्र (अपर्चर) एफ ८ ते ११. हवेत स्थिर तरंगणारी माशी १/१००० सेकंदातही पंख पुसट देते. माझं मत, तो हट्ट सोडा, ती बसेपर्यंत थांबा. छोटी मोजपट्टी न्या. माशी उडाली की त्याच फुलाशेजारी धरून एक फोटो घ्यायचा, म्हणजे मिलीमीटरचा अंदाज येतो. वहीत तारीख, गाव, वेळ, फुलाचं नाव. फूल ओळखता येत नसेल तर त्याच्या पानाचाही फोटो.

सराव आधी घरामागं करा. कोथिंबीर फुलावर आली की उपटू नका (आईचं ऐकून घ्यावं लागेल), चार रोपं राहू द्या. सकाळी आठ-नऊला, अंग गार असताना, माश्या सुस्त असतात. एपिसिर्फस बाल्टिएटस तिथं नक्की भेटेल: पोटाच्या नारिंगी पट्ट्यांवर एक जाड आणि एक बारीक काळी रेघ, अशी जोडी दुसऱ्या कुणाची नाही. शेतकऱ्यांना तिची अळी जास्त ओळखीची, मावा खाणारी. पाण्याच्या डबक्याजवळ एरिस्टॅलिनस, डोळ्यांवर ठिपके किंवा पट्टे. या नेहमीच्या पाच-सहा तोंडपाठ झाल्या की वेगळी दिसलेली आपोआप खटकते.

भीमगडच्या अभयारण्यात जायचं तर वनखात्याची परवानगी आधी काढा, आणि माशी पकडायचा तर विचारही नको. जांबोटीच्या पुढं फोनला रेंज मिळेल म्हणून नकाशा भरवशावर ठेवू नका, घरीच उतरवून घ्या. मी मूळ फोटो पुसून फक्त कापलेले ठेवायचो. तसं करू नका. कापलेल्या भागातच एकदा मागचा पाय गेला होता.