एकाच खोलीत पहिली ते सातवी: धीर न सोडता शिकवायचं कसं

सोलापूरच्या पूर्व भागात संध्याकाळची शिकवणी म्हणजे बहुधा एकच खोली, आणि तिच्यात पहिलीतल्या पोरापासून सातवीतल्या मुलीपर्यंत सगळे. इथे शिकवणाऱ्याचा धीर सुटतो तो मुलं हट्टी असतात म्हणून नव्हे, तर सगळ्या वयांकडून एकाच वेळी एकसारखी अपेक्षा ठेवली जाते म्हणून. त्यामुळे आधी वेळ वाटून घ्या.

पहिली १५ मिनिटं पहिली-दुसरीची. या वयाचं मूल एका कामात दहा मिनिटंही जेमतेम टिकतं, म्हणून दोन छोटी कामं ठेवा. तेवढ्या वेळात मोठ्यांना फळ्यावर उजळणीचीच गणितं द्या. नवं दिलंत तर ते दर मिनिटाला विचारायला उठतील. मग लहानांना पाटी आणि चिंचोके देऊन २० मिनिटं तिसरी-चौथीला, आणि लहानांना घरी सोडल्यावर उरलेली २५ मिनिटं मोठ्यांना.

सर्वांत जास्त धीर लागतो तो दोन अंकी संख्यांना. ‘त्रेपन्न’ म्हणताना मराठीत तीन आधी ऐकू येतात. तेलुगू किंवा कन्नड घरातलं मूल मात्र दशक आधी ऐकत आलेलं असतं: ‘याभै मूडु’, ‘ऐवत्तमूरु’. त्याने ५३ च्या जागी ३५ लिहिलं, तर ते बेफिकीर नाही. कानावर पडलं त्या क्रमाने त्याने लिहिलं. मराठी घरातली मुलंही इथे अडखळतात. दहा-दहा काड्यांना रबर लावून जुड्या करा. मुलाने आधी पाच जुड्या, मग तीन सुट्या काड्या मांडायच्या आणि म्हणायचं, ‘पाच दशक तीन, त्रेपन्न’. अंक त्यानंतरच लिहायचा. दिवसाला चार-पाच संख्या पुरेत. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली ‘वीस एक’ अशी वाचनपद्धत आली तेव्हा मोठा वाद झाला होता. वर्गात दोन्ही रूपं शेजारी ठेवली की मुलाला आधार मिळतो.

एकोणतीस, एकोणसाठ या संख्या सगळ्यात शेवटी, वेगळ्या आठवड्यात घ्या. ‘साठ’ ऐकून मूल हमखास ६९ लिहितं. सहा जुड्या ठेवा, एक सोडा, त्यातली एक काडी काढून घ्या. हे त्याच्या हातून झालं पाहिजे, तुमच्या नव्हे. नव्व्याण्णव या रांगेत बसत नाही, ते आधीच सांगून टाका.

प्रश्न विचारल्यावर निदान तीन ते पाच सेकंद गप्प राहा. हे वाटतं तितकं सोपं नाही. जीभ आपोआप पुढचा शब्द सुचवायला जाते, आणि मूल तुमच्या ओठांकडे बघून उत्तर द्यायला शिकतं. मधेच मोठी मुलं उत्तर ओरडतात. त्यांना उत्तर पाटीवर लिहून पाटी पालथी ठेवायला सांगा.

तेलुगू घरातलं मूल ‘बहीण आलं’ म्हणालं, तर वाक्य तोडू नका. ‘हो का, बहीण आली?’ एवढं म्हणून पुढे चला. त्या भाषेत एकवचनात स्त्रीलिंगाला आणि नपुंसकलिंगाला क्रियापदाचं रूप एकच असतं.

अकरा-बारा वर्षांच्यांना धीर वेगळ्या जागी लागतो. धाकट्यांसमोर चूक निघणं त्यांना सहन होत नाही, म्हणून शेजारी बसून हळू आवाजात सांगा. विड्या वळणाऱ्या घरातली मोठी मुलगी धाकट्यांना सांभाळून येते. तिलाच पुन्हा लहानांना सांभाळायला बसवू नका. मोठ्यांना शिकवायला लावायचंच, तर दहा मिनिटं आणि त्यांना पक्कं येणारंच.

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांत गड्ड्यामुळे, म्हणजे तिथे भरणाऱ्या जत्रेमुळे, निम्मी मुलं येत नाहीत. तेव्हा नवा धडा काढू नका. एप्रिलपासून पत्र्याच्या खोलीत संध्याकाळीही भिंती तापलेल्या असतात, मुलं आणि शिकवणारे दोघंही चिडतात. वर्ग सकाळी सातला घ्या, दाराशी माठ ठेवा, आणि पाणी प्यायला उठणाऱ्याला अडवू नका.