व्हेल्ड शॅमेलिऑन: उजेड आणि खाणं यांचं गणित

पाय धनुष्यासारखे वाकलेले, जबडा दाबला तर रबरासारखा मऊ, जीभ किड्यापर्यंत पोचत नाही. पाळीव शॅमेलिऑनची, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याची, अशी अवस्था झाली की मालक सांगतो, ‘कॅल्शियम तर रोज देत होतो.’ देत असणारच. पण अतिनील-बी (यूव्हीबी) किरणांशिवाय कातडीत ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही आणि ड-३ नसेल तर पोटात गेलेलं कॅल्शियम हाडांपर्यंत पोचत नाही. म्हणून दिवा आणि खाणं यांचा विचार एकत्रच करायचा.

इथे सांगतोय ते व्हेल्ड शॅमेलिऑनबद्दल. हा मूळचा येमेन आणि नैर्ऋत्य सौदी अरेबियातला. आपल्या रानातला शॅमेलिऑन, म्हणजे घोयरा सरडा, १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्याला पकडून घरी आणू नका. परदेशी जातीचा घेतानाही कागदपत्रं तपासा आणि केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर त्याची नोंद करा.

दिवे

दोन वेगळे दिवे लागतात. पहिला अतिनील-बीचा: टी-५ प्रकारची (बारीक व्यासाची), २४ वॅटची, सुमारे ५५ सेंमी लांबीची, ५ किंवा ६ टक्के अतिनील-बीची ट्यूब, मागे परावर्तक पत्रा असलेल्या पट्टीत बसवलेली. गोल पिळाचे छोटे बल्ब घेऊ नका. त्यांचा झोत एका ठिपक्यापुरता असतो आणि ते लवकर मंदावतात.

ट्यूब पिंजऱ्याच्या छताच्या जाळीवर ठेवा. बसायची फांदी तिच्यापासून २५ ते २८ सेंमी खाली हवी. पण नुसतं फांदीपर्यंतचं अंतर मोजून थांबणारे फसतात. सरड्याची पाठ आणि डोक्यावरचा तुरा फांदीपेक्षा बरेच वर येतात आणि किरणं पडतात ती त्यांच्यावर. पाठीच्या उंचीवर अतिनील निर्देशांक ३ च्या आसपास असावा. मोजायचं यंत्र महाग आहे, पण चार जणांत मिळून घेतलं तरी पैसे वसूल होतात. ट्यूब आणि सरडा यांच्या मध्ये काच किंवा प्लास्टिक नको, ते अतिनील-बी अडवतं. खिडकीच्या काचेतून येणारं ऊनही याच कारणाने कामाचं नाही. ट्यूब दिसायला लख्ख पेटलेली असली तरी १२ महिन्यांनी बदला, कारण अतिनील किरणं आधी मंदावतात. बसवल्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवा.

दुसरा दिवा ऊब देणारा साधा बल्ब. त्याच्याखालच्या फांदीवर नराला २९-३० अंश सेल्सियस, मादीला आणि पिलांना २७ पुरे. तापमान हाताने अजमावू नका, तुरा जिथे येतो तिथे थर्मामीटरचं टोक धरा. बल्ब जाळीला टेकला तर तुरा भाजतो. मे महिन्यात विदर्भात खोलीच ३५ च्या वर जाते, तेव्हा हा बल्ब बंद आणि ट्यूब मात्र चालू. दोन्हींना वेगळे टायमर लावायचे ते यासाठीच.

ट्यूब १२ तास. रात्री लाल, निळा, कुठलाच दिवा नको. पूर्ण अंधार आणि थोडा गारवा त्याला हवाच असतो.

खाणं

मुख्य खाद्य रातकिडे, जोडीला दुबिया झुरळं. किड्याची लांबी सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून जास्त नको. तीन महिन्यांपर्यंतच्या पिलाला रोज १० ते १२ छोटे किडे, सहा महिन्यांनंतर हळूहळू कमी करत एक वर्षाच्या सरड्याला दिवसाआड ३ ते ५. मादीच्या बाबतीत हात आणखी आखडता घ्या. भरपूर खाणं आणि जास्त ऊब मिळाली की ती नराशिवायही अंड्यांचा मोठा घोस धरते आणि त्यात दगावू शकते. सरडा आशेने बघतो म्हणून खायला घालू नका, तो भूक नसतानाही खातो.

रातकिड्यात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावापुरतं. म्हणून किड्यांना २४ तास आधी शेवग्याचा पाला, गाजर, तांबडा भोपळा खाऊ घाला. पालक नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. मग किडे पिशवीत घेऊन साध्या, ड-३ नसलेल्या कॅल्शियम पावडरीत हलके घोळा. ड-३ आणि इतर जीवनसत्त्वांची पावडर महिन्यातून दोनदाच. ती रोज दिली तर कॅल्शियम मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत साचतं.

रेशीम अळ्या उत्तम, मऊ आणि पाणीदार. मराठवाड्यातल्या तुतीवाल्या शेतकऱ्याकडून घेणार असाल तर शेडमध्ये जंतुनाशक पावडर कधी टाकली होती ते विचारून घ्या. बागेतले किडे फवारणीमुळे टाळा, आणि काजवा तर कधीच नको, तो विषारी असतो. न खाल्लेले रातकिडे संध्याकाळी काढून टाका, रात्री ते झोपलेल्या सरड्यालाच चावतात.

पाणी

वाटीतलं पाणी त्याला सहसा कळत नाही, तो पानांवरचे थेंब चाटतो. दिवे लागण्याआधी आणि मालवल्यावर दोन-तीन मिनिटं फवारा, दुपारी ठिबक. पिंजऱ्यात जास्वंद लावा, तो पानंही कुरतडतो आणि ती त्याला चालतात. मुंबई-कोकणात पावसाळ्यात फवारा अर्ध्यावर आणा आणि चारही बाजूंनी जाळी असलेलाच पिंजरा ठेवा. कोंदट ओलाव्यात छातीचा संसर्ग होतो, सरडा तोंड वर करून उघड्या जबड्याने श्वास घेतो. विष्ठेतला पांढरा भाग नारिंगी दिसू लागला तर पाणी कमी पडतंय. पाणी वाढवूनही दोन दिवसांत तो पांढरा झाला नाही, किंवा सरडा दिवसा डोळे मिटून बसला, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्या.