वर्क फ्रॉम होम आणि बोलका माणूस: दिवस कसा काढायचा

पहिले हे बघून घ्या की तुम्ही खरंच एक्स्ट्रोव्हर्ट, म्हणजे बहिर्मुख, आहात की नुसतेच बडबडे, दोन्ही एक नाही. चार तास एकटे लॅपटॉपसमोर बसलात, कामही झालं, कुणाची कटकट नाही, तरी अंग जड आणि डोकं भणभणलेलं, आणि मग खाली जाऊन भाजीवाल्याशी दहा मिनिटं घासाघीस केली की एकदम तरतरी आली, तर तुम्ही आमच्यातले. मी इंदूरला, ऑफिस बंगलोरला, आणि माझी खुर्ची घराच्या मागच्या खोलीत. पहिला महिना वाटलं ऐश आहे भिया, दुसऱ्यात मी कुकरच्या शिट्टीला ‘हो हो’ म्हणायला लागलो.

हा काही दोष नाही. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगनं १९२१ मध्ये हे अंतर्मुख-बहिर्मुख प्रकरण चालू केलं, पण आता दोन खोके कोणी मानत नाही, एक लांब पट्टी आहे आणि बहुतेक जण मधेच कुठेतरी असतात. आयझेंक नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं असं की बहिर्मुख माणसाचा मेंदू मुळात थोडा सुस्त चालतो म्हणून त्याला बाहेरून आवाज, माणसं, गडबड लागते, आणि अंतर्मुखाचा आधीच जागा असतो. जिभेवर लिंबाचा रस टाकला की अंतर्मुखाला लाळ जास्त सुटते, असाही त्याचा प्रयोग होता. आता लोक बक्षिसाच्या ओढीबद्दल जास्त बोलतात, म्हणजे चार माणसांत काहीतरी मजा मिळेल या आशेनंच आपण धावतो. मला हे जास्त पटतं.

आता कामाचं. तुम्हाला नक्की काय कमी पडतंय ते शोधा. कोस्टा आणि मॅक्रे या मानसशास्त्रज्ञांनी या एकाच स्वभावाचे सहा भाग पाडलेत: जिव्हाळा, माणसांत राहायची आवड, पुढाकार, धावपळ, थरार आणि आनंदी वृत्ती. माझ्यात माणसांची भूक प्रचंड, पुढाकार शून्य, त्यामुळे मला मंडळाचा अध्यक्ष केलंत तर मी आजारी पडेन पण मांडवात खुर्च्या लावायला सगळ्यात आधी हजर. ज्याला पुढाकार हवा त्यानं गणपतीची वर्गणी-हिशेब अंगावर घ्यावा, ज्याला धावपळ हवी त्यानं कॉल चालता चालता घ्यावा, थरारवाल्यांना रंगपंचमीची गेर, म्हणजे आमच्या इंदूरची रंगांची मिरवणूक, आहेच, पण ती वर्षातून एकदा.

माझा इलाज लॉगिनच्या आधी असतो, नंतर नाही, कारण भूक लागल्यावर स्वयंपाक सुरू केला की चिडचिड होतेच. सकाळी कोपऱ्यावरच्या ठेल्यावर उभं राहायचं, मोबाइल खिशात. तो पोह्यांवर शेव टाकतो, चिमूटभर जीरावन मसाला, न विचारता जलेबी ठेवतो, आणि बाकड्यावरचे दोन म्हातारे रोज नर्मदेच्या पाण्यावरून भांडतात, त्यात मी माझं अर्धं मत टाकतो आणि निघतो. वीस मिनिटं. पुढे दुपारपर्यंत मेसेजऐवजी एक कॉल, बस.

मीटिंगमध्ये सांभाळा, दिवसभरात तेवढीच माणसं दिसतात म्हणून आपण सगळं तिथेच ओततो. तोंड उघडायच्या आधी पाण्याचा घोट घ्या, गिळेपर्यंत समोरच्याचं वाक्य संपतं, आणि घोटानंतरही मुद्दा शिल्लक असेल तर बोला. माझे निम्मे मुद्दे पाण्याबरोबर पोटात जातात.

संध्याकाळची चूक मी वर्षभर केली. बायको शाळेत शिकवते, दिवसभर पोरांचा कालवा ऐकून येते, आणि मी दारातच, चपला काढायच्या आत, अख्खा दिवस सांगायला सुरू. एकदा ती पर्स न ठेवताच परत जिन्यात जाऊन बसली. तेव्हापासून ठरलं, आधी चहा, अर्धा तास चूप, मग सांगायचं. आणि अशा अंतर्मुख माणसाला सारखं ‘चल ना, बरं वाटेल’ म्हणून ओढू नका. चार माणसांत मिसळल्यावर अंतर्मुखांनाही बरं वाटतं असं फ्लीसन वगैरे संशोधकांना २००२ मध्ये दिसलं, खरंय, पण २०१९ मध्ये लोकांना आठवडाभर मुद्दाम तसं वागायला लावलं तेव्हा जास्त अंतर्मुख असलेल्यांना फायदा कमी आणि थकवा जास्त आला. आमच्या सराफा बाजारात रात्री दुकानांची शटरं पडून ठेले लागले की मी मित्रांना घेऊन जातो, ती घरी पुस्तक वाचते, येताना तिच्यासाठी भुट्ट्याचा, म्हणजे मक्याचा, कीस आणतो.

धो धो पाऊस असला की ठेला लागत नाही. मग मी छत्री घेऊन समोरच्या काकांकडे पेपर मागायला जातो, आमच्याकडे तोच पेपर येतो हे त्यांना माहीत आहे.