इंडक्शन शेगडी घेताय? आधी भांड्यांची बुडं तपासा

"शेगडी लागते, दोन-चारदा बीप करते आणि बंद पडते." ही तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी विचारते, "भांडं आणलंय का सोबत?" सहसा आणलेलं नसतं. मी घरगुती विजेची उपकरणं दुरुस्त करते, आणि माझ्या टेबलाखाली एक जुनं लोखंडी पातेलं कायम ठेवलेलं असतं. त्यात पेलाभर पाणी घालून ते आलेल्या शेगडीवर ठेवते. मिनिट-दीड मिनिटात पाणी खळखळायला लागतं. शेगडी धडधाकट असते, घरचं भांडं तिला चालत नसतं.

असं इतक्यांदा झालंय की शेगडी कुठली घेऊ असं कुणी विचारलं तर मी शेगडीचं नंतर बोलते, भांड्यांचं आधी. कारण या शेगडीत उष्णता तयार होते ती भांड्याच्या बुडात. एवढं एक नीट ध्यानात धरलं तर भांडं कसं निवडायचं आणि कुठे जपायचं, हे बहुतेक आपोआप सुचतं.

काचेखाली तांब्याच्या बारीक तारांची चपटी गुंडाळी असते, चकलीसारखी वळलेली. घरात येणाऱ्या विजेची सेकंदाला ५० किंवा ६० आवर्तनं होतात. आतला बोर्ड ती वीस हजारांच्या वर नेतो आणि तो प्रवाह या गुंडाळीतून सोडतो. त्यामुळे वर झपाट्याने बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत वीज वाहते, हे मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवून दिलं. तेच इथे घडतं. भांड्याच्या बुडात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात, लोखंड त्यांना अडवतं आणि त्या अडवणुकीतून बूड तापतं. हे प्रवाह बुडाच्या अगदी खालच्या पातळ थरात, मिलिमीटरच्या लहानशा अंशात वाहतात. अॅल्युमिनियम आणि तांबं या प्रवाहांना फारसं अडवतच नाहीत, म्हणून नुसत्या अॅल्युमिनियमचं पातेलं ठेवलं की शेगडी ते भांडं म्हणून ओळखतच नाही आणि बीप करत राहते. काच आणि माती यांत तर प्रवाह वाहतच नाही.

भांड्याची परीक्षा

घरात एखादं लोहचुंबक असेल तर ते घ्या आणि भांडं उपडं करून बुडाला लावा. ते कसं चिकटतं ते हाताला जाणवू द्या. बिडाच्या किंवा लोखंडाच्या तव्याला ते खट्‌कन बसतं, सोडवायला जोर लावावा लागतो. तसं बसलं तर भांडं उत्तम. चिकटतं पण बोटाने ढकललं की घसरतं, असं असेल तर ते भांडं चालेल, पण रडतखडत. चिकटलंच नाही तर विषय संपला.

पण मधोमध एकदा लावून थांबू नका. चुंबक मधून कडेपर्यंत फिरवत न्या. अॅल्युमिनियमच्या बऱ्याच भांड्यांना खालून स्टीलची चकती ठोकून बसवलेली असते, कधी नुसती भोकाभोकांची जाळी असते. बूड दिसायला चोवीस सेंटिमीटरचं आणि चकती पंधराचीच, अशी भांडी मी पाहिली आहेत. तापते फक्त ती चकती. कडेचा भाग तिच्याकडून जेवढी उष्णता येईल तेवढ्यावर भागवतो.

स्टेनलेस स्टीलमध्ये लोक हमखास फसतात. भांड्यावर १८/८ किंवा १८/१० असा आकडा कोरलेला असतो आणि भांडं चांगलं जड, महागातलं असतं. ते स्टील खरोखर चांगलं असतं, गंजत नाही. पण त्यात निकेल मिसळलेलं असल्यामुळे ते चुंबकाला जवळपास दाद देत नाही. ४३० या प्रतीच्या स्टीलमध्ये निकेल जवळजवळ नसतं, त्याला चुंबक चिकटतं. म्हणून चांगल्या भांड्याला आतून १८/८, मध्ये उष्णता पसरवणारा अॅल्युमिनियमचा जाड थर आणि खालून ४३० असं तिहेरी बूड असतं. घेण्याजोगं स्टीलचं भांडं तेच. बुडावर गुंडाळीचं चिन्ह छापलेलं असतं, ते बघाच, पण चुंबकही लावून बघा.

मग बूड सपाट आहे का ते पाहा. पट्टी उभी धरून बुडावर आडवी टेकवा आणि उजेडाकडे धरा. थंड असताना मध्ये केसभर आत असलेलं बूड चालतं, कारण तापल्यावर ते थोडं खाली येतं. पण बाहेर फुगलेलं भांडं काचेवर भोवऱ्यासारखं फिरतं, ते नको. काचेच्या खाली, गुंडाळीच्या मधोमध, तापमान मोजणारा छोटा सेन्सर असतो. भांडं किती तापलंय हे त्याला काचेतून कळतं. बूड वाकडं असेल तर मध्ये हवा राहते, सेन्सरला खबर उशिरा लागते आणि भांडं जास्त तापलं तरी शेगडी वेळेत बंद होत नाही. गोल बुडाची कढई सपाट शेगडीवर ठेवू नये, त्याचं कारण हेच.

आकाराचं थोडक्यात सांगते. साधारण बारा सेंटिमीटरपेक्षा लहान बूड असलं तर बऱ्याच शेगड्या ते धरत नाहीत. मोठ्या भांड्यासाठी मात्र एक प्रयोग करून बघा, मला तो फार आवडतो. पसरट भांड्यात बोटाच्या पेरापेक्षा कमी, जेमतेम सेंटिमीटरभर पाणी घाला आणि मध्यम पॉवरवर ठेवून वरून बघत राहा. थोड्या वेळात तळाशी बारीक बुडबुड्यांचं एक कडं उमटतं, बांगडीसारखं. मधला भाग शांत, बाहेरचा शांत, फक्त त्या कड्यावर बुडबुडे. खालची गुंडाळी केवढी आहे ते तुम्हाला शेगडी न उघडता दिसलं! टेबलावर ठेवायच्या बऱ्याच शेगड्यांत हे कडं भांड्याच्या मानाने लहान निघतं. बूड जाड असेल तर थोड्याच वेळात बुडबुडे सगळीकडे पसरतात. पातळ असेल तर पाणी उकळेपर्यंत ते कडं तसंच ठळक राहतं, आणि तुमचा पदार्थही नेमका त्याच कड्यावर करपणार हे समजून घ्या.

न चालणाऱ्या भांड्याखाली ठेवायला लोखंडी चकती मिळते. मी ती घेऊ नका म्हणते. चकती लालभडक होण्याच्या वाटेवर असते आणि वरचं भांडं अजून कोमट. ती सगळी धग काचेत आणि खालच्या गुंडाळीत उतरते. चकतीच्या आकाराचा करपलेला डाग काचेवर घेऊन आलेल्या शेगड्या मी उघडल्या आहेत. आतल्या तारांवरचं वेष्टण तपकिरी पडलेलं असतं.

आच दिसत नाही

ज्वाला असली की डोळ्यांना अंदाज असतो. इथे डोळ्यांना काहीच दिसत नाही आणि हाताला वाटतं त्याच्या कितीतरी आधी भांडं तापतं. माझ्याकडे इन्फ्रारेड थर्मामीटर आहे. चकचकीत स्टीलवर तो चुकीचा आकडा दाखवतो, म्हणून मी एकदा काळा नॉनस्टिक पॅन घेतला, रिकामाच पूर्ण पॉवरवर ठेवला आणि मोजत राहिले. मिनिट व्हायच्या आत आकडा २०० अंशांच्या पुढे गेला. मी लगेच बंद केलं, कारण नॉनस्टिकचा नेहमीचा लेप, म्हणजे टेफ्लॉन, २६० अंशांच्या वर गेला की बिघडायला लागतो. तो आणखी तापला की निघणारी वाफ माणसाला बाधते आणि पिंजऱ्यातल्या पक्ष्यांचा तर जीव घेते.

म्हणून रिकामं भांडं शेगडीवर ठेवून चालू करू नका. तेल घालायचं असेल तर तेल घालूनच मध्यम पॉवरवर सुरू करा आणि तिथेच उभ्या राहा. दोन चमचे तेल पातळ पॅनमध्ये पूर्ण पॉवरवर ठेवलं तर धूर निघायला फार वेळ लागत नाही. पूर्ण पॉवर राखून ठेवा ती भांडंभर पाण्यासाठी. लिटरभर पाणी १८०० वॉटवर साडेतीन-चार मिनिटांत उकळतं, तिथे तिचं काम चोख. बिडाचं भांडंही हळू तापवा. एकदम तापवलं तर ते वाकतं, कधी तडकतंही. कुकरला वाफ धरली की पॉवर लगेच खाली आणा.

तेल पेटलंच तर शेगडी बंद करा, झाकण आडवं सरकवत वर ठेवा आणि गार होईपर्यंत काढू नका. पाणी अजिबात घालू नका. पेटलेलं भांडं उचलून नेऊही नका.

कमी आचेवर दूध ठेवलं की ते काही सेकंद उसळतं, मग शांत होतं, पुन्हा उसळतं. घाबरून लोक मला फोन करतात. त्यात बिघाड काही नाही. साध्या शेगड्या फार कमी पॉवर सलग देऊ शकत नाहीत, म्हणून त्या थांबत-थांबत चालतात. जाड बुडाच्या भांड्यात हे चढउतार जाणवत नाहीत. भांड्यातून येणारी बारीक गुणगुणही, विशेषतः थरांच्या बुडाच्या भांड्यातून, अशीच निरुपद्रवी असते.

वीज, वारा आणि काच

२००० वॉटची शेगडी २३० व्होल्टवर जवळपास नऊ अँपिअर प्रवाह ओढते, तोही सलग. तिला १६ अँपिअरचं, अर्थिंग असलेलं स्वतंत्र सॉकेट हवं. एक्स्टेंशन बोर्डावर तर ती लावूच नका. माझ्याकडे येणाऱ्या शेगड्यांपैकी मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती प्लगची पिन काळी पडलेल्या शेगडीची, कारण तिचं दुसरं टोक अजून त्या घराच्या भिंतीत असतं. दहा मिनिटं वापरून झाल्यावर बटण बंद करा, प्लग बाहेर काढा आणि त्याच्या प्लॅस्टिकला हात लावून बघा. किंचित कोमट ठीक आहे. हात ठेववत नसेल तर सॉकेट ढिलं झालंय, ते बदलल्याशिवाय शेगडी लावू नका.

खालच्या बाजूला पंखा असतो, तो आतला बोर्ड गार ठेवतो. शेगडी उघडली की मी प्रथम त्याच्याकडे बघते. तेलकट वाफ आणि कापडाचा भुरा मिळून त्याच्या पात्यांवर करड्या रंगाचा जाड थर बसलेला असतो, बोटाने सोलावा लागतो. वारा कोंडला की बोर्डावरचा मुख्य भाग, ज्याला आम्ही आयजीबीटी म्हणतो, तापून जातो. शेगडीखाली फडकं, कागद, प्लॅस्टिकचा टेबलक्लॉथ अंथरू नका. भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. गॅसच्या शेगडीवर किंवा स्टीलच्या ओट्यावर ती ठेवू नका, खालचा धातूही तापू शकतो. भांड्याखाली कागद घालून काच स्वच्छ ठेवायची युक्ती कुणी सांगेल. करू नका, भांड्याचं बूड कागद करपवण्याइतकं सहज तापतं.

काचेवर चमचा, सुरी, झाकण, फॉइल असं काही ठेवायची सवय लावून घेऊ नका. फॉइल वितळून काचेला चिकटते. काच स्वतः तापत नसली तरी भांड्याची धग तिच्यात उतरते आणि भांडं उचलल्यावरही ती चटका देते. दिसायला मात्र ती थंड काचेसारखीच दिसते, म्हणून लहान मुलांना हे आवर्जून सांगा आणि चाइल्ड लॉक असेल तर वापरा. काचेवरून नख फिरवताना कुठे रेघ अडकली, तर ती नुसती ओरखडा आहे की तडा, ते उजेडात बघा. तडा असेल तर शेगडी त्याच क्षणी बंद करून प्लग काढा. उतू गेलेलं पाणी त्या तड्यातून थेट वीज असलेल्या भागापर्यंत पोचतं. चिकटपट्टी लावून वापरलेली शेगडी माझ्याकडे आली होती. ती मी काच बदलल्याखेरीज परत दिली नाही.

घरात कुणाला पेसमेकर बसवलेला असेल तर त्या व्यक्तीने चालू शेगडीपासून निदान ६० सेंटिमीटर लांब राहावं, आणि आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच वापराचं ठरवावं.

काम झालं की शेगडी तिच्याच बटणाने बंद करा, भिंतीवरच्या स्विचने नको. पंखा त्यानंतरही मिनिट-दोन मिनिटं फिरतो, त्याला फिरू द्या. काच गार झाली की ओल्या मऊ फडक्याने पुसा. पाण्याचे पांढरे डाग राहिले तर थोडं व्हिनेगर लावा. साखरेचा पाक सांडला असेल तर मात्र गार होऊ देऊ नका. शेगडी बंद करून तो कोमट असतानाच लाकडी किंवा सिलिकॉनच्या उलथण्याने, हात जपून, खरवडून काढा. वाळलेला पाक निघताना काचेचे बारीक टवके घेऊन निघतो.